नॅशनल पार्कातल्या डांबरी रस्त्यावर कसं चालावं

एकतीस वर्षं मी लाल बस चालवली. निवृत्त झालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. मला हसूच आलं. सगळं आयुष्य रस्त्यावर गेलं, पण गेलं बसून! पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या आवारातच उभ्या गाड्यांमधून चकरा मारल्या. चौथ्या दिवशी वॉचमनने विचारलं, "काका, काही हरवलंय का?" तेव्हा ही म्हणाली, बोरिवली पूर्वेला राहायचं आणि चालायला जागा नाही म्हणून रडायचं, हे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. नॅशनल पार्क आपल्यापासून पंधरा मिनिटांवर आहे.

तेव्हापासून आम्ही दोघं जातोय. सात वर्षं झाली. हे लिहितोय ते ट्रेकवाल्यांसाठी नाही. शिलोंड्याच्या पायवाटेने जाणाऱ्यांना माझ्यासारख्याने काय सांगायचं? हे आहे गुडघा कुरकुरणाऱ्यांसाठी, मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांसाठी, नातवाला घेऊन निघालेल्या आजी-आजोबांसाठी. त्यांच्यासाठी मुख्य गेटपासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाणारा डांबरी रस्ता आहे, सहा-सात किलोमीटरचा. शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल आहे आत, आपल्याला त्यातली एवढी पट्टी पुरते.

या रस्त्यावर नुसते चालणारे नसतात. धावणारे असतात, सायकलवाले असतात, कान्हेरीला जाणारी बस असते, वनखात्याची जीप असते, पाड्यावर राहणाऱ्या माणसाची मोटारसायकल असते, शाळेच्या सहलीची रांग असते, आणि मधूनच रस्ता ओलांडणारी चितळं. चालायला कुणाला शिकवावं लागत नाही. एवढ्या सगळ्यांमधून चालायला मात्र शिकावं लागतं, आणि ते मला स्टेअरिंगने शिकवलं.

आपली रेघ सोडायची नाही

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

दुसऱ्याच महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघं डाव्या कडेने चाललो होतो. मागून सायकलची घंटी वाजली. ही दचकली आणि एकदम उजवीकडे उडी मारली. सायकलवाला पोरगा उजवीकडूनच पुढे जात होता. त्याने हँडल वळवलं, हिने परत डावीकडे उडी मारली, त्यानेही परत डावीकडे वळवलं. शेवटी तो मातीत, ही माझ्या अंगावर, आणि माझं कोपर खरचटलेलं. पोरगा बिचारा आमचीच माफी मागत होता. चूक त्याची नव्हती. घंटी वाजवली, अंतर ठेवलं, आणखी त्याने काय करायचं होतं?

बस चालवताना समोर कोण वेगात आहे याची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती कोण कुठे वळेल हे कळत नसेल त्याची. नव्वदच्या वेगाने सरळ येणारा ट्रक परवडला, पण डुलत डुलत चालणारी हातगाडी नको. मागून येणारा सायकलवालाही असाच विचार करतो. तुम्ही पुढच्या तीन सेकंदांत कुठे असाल हे त्याला कळलं पाहिजे.

म्हणून घंटी वाजली की हलायचं नाही. आहे त्याच रेघेत, आहे त्याच चालीने चालत राहायचं. फार तर आतल्या बाजूचा हात किंचित उचलून 'जा' म्हणायचं. कडेलाच असाल तर त्याला जागा मिळते. मधोमध असाल तर आधी मान वळवून बघायचं, मग एका बाजूला सरकायचं, एकदाच. आमच्यात आता ठरलंय. मागून घंटी आली की मी म्हणतो "सिंगल बेल", म्हणजे आहे तिथेच, वळू नकोस. पुढे मोकळं झालं की "डबल बेल". कंडक्टरच्या एका घंटीला थांबायचं, दोन घंट्यांना निघायचं, हे अंगात मुरलेलं आहे. लोक आमच्याकडे बघून हसतात. हसू देत.

थांबायचं असेल, बुटाची नाडी बांधायची असेल, तांबट पक्षी कुठे बसलाय ते बघायचं असेल, तर आधी रस्त्याच्या बाहेर व्हा आणि मग थांबा. फोटो काढणारे नेमके वळणावर, मधोमध, मागे पाठ करून उभे राहतात. मोबाइलवाल्यांबद्दल मी काही बोलत नाही, बोललो तर हा लेख संपणार नाही. कानात इअरफोन घालायचाच असेल तर एकाच कानात.

आणि दोघांपेक्षा जास्त जण शेजारी शेजारी नको. रविवारी पाच-सहा जणांचं कुटुंब अंगणात फिरल्यासारखं रस्ता अडवून चालतं. चौघं असाल तर दोन मागे, दोन पुढे. गप्पा तरीही होतात, मागच्यांना आवाज थोडा वाढवावा लागतो इतकंच.

डावीकडून की उजवीकडून

यावर आमच्या कट्ट्यावर भांडणं झाली आहेत. माझा हिशेब असा आहे. जिथे गाड्या आहेत आणि पदपथ नाही, तिथे उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने. न दिसणाऱ्या गाडीपेक्षा दिसणारी बरी. जिथे बहुतेक सायकली आणि चालणारेच आहेत, तिथे सगळ्यांबरोबर डावीकडून, कारण सायकलवाला आपल्याला ओलांडून जातो ते आपण डावीकडे आहोत असं धरूनच. पार्कात सकाळी बस सुरू होईपर्यंत मी डावीकडे असतो. नंतर वरच्या अंगाला, जिथे वळणं वाढतात तिथे, उजवीकडे. आंधळ्या वळणावर मात्र आतल्या कडेला कधीच नाही. बस आतली कड घासून वळते आणि ड्रायव्हरला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. हे मी ड्रायव्हरच्या बाजूने सांगतोय.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. डांबरी रस्ता सपाट दिसतो पण सपाट नसतो. पावसाचं पाणी निथळून जावं म्हणून तो मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधतात. बस अगदी कडेला लावली की उभे प्रवासी डावीकडे कलतात ते त्यामुळेच. रोज दोन्ही वेळा डाव्या कडेने चाललात तर डावा पाय कायम दोन बोटं खाली पडतो. चार-पाच महिन्यांनी माझा डावा घोटा आणि उजव्या बाजूची कंबर दुखायला लागली, आणि मी उगाच बुटांना दोष देत होतो. उपाय साधा आहे. जाताना ज्या कडेने गेलात त्याच कडेने परत या. म्हणजे जाताना डावीकडून गेलात तर येताना तीच कड तुमच्या उजवीकडे येते, आणि उतार दुसऱ्या पायाला मिळतो. आणि रस्ता रिकामा असेल, पुढचं-मागचं लांबवर दिसत असेल, तेवढा वेळ थोडं मध्ये सरकून चाला, तिथे सपाटी असते.

किती जायचं

पहिल्या दिवशी कान्हेरी गाठायची नाही. हे इतक्या जोरात सांगतो कारण आमच्या मेव्हण्यांनी गाठली होती, आणि परत येताना बसच्या रांगेत ते पायरीवर बसून होते. जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर होतात आणि शेवटचा भाग चढाचा आहे. वर पोचल्यावर लेण्यांच्या पायऱ्या वेगळ्याच.

गेटपासून सुरुवातीचा टप्पा बराच सोपा आहे. आम्ही दोघं किलोमीटरला १४ मिनिटं घेतो. म्हणजे ३ किलोमीटर जायला ४२ मिनिटं, आणि परतीला तेवढीच किंवा थोडी जास्त. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला आठवडा घड्याळ लावून २० मिनिटं जावं आणि वळावं. दुसऱ्या आठवड्यात २५. दमला नाहीत तरी वळा. मी त्याला परतीचं भाडं म्हणतो. निघताना ते खिशात वेगळं ठेवलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. गुडघा दुखणाऱ्याने तर हे जास्तच पाळावं, कारण चढताना दम लागतो पण गुडघा दुखतो तो उतरताना. उतारावर पावलं छोटी टाका, गुडघा थोडा वाकलेला ठेवा, टाच आपटू नका.

पहिली कान्हेरी तीन महिन्यांनी करा, आणि तीही अशी: बसने वर जा, चालत खाली या. किंवा उलट. कान्हेरीचं तिकीट वेगळं असतं. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. मला तिथली सगळ्यात आवडणारी गोष्ट मूर्ती नाहीत. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. डोंगरावर पडलेला पाऊस चरांमधून त्यांत सोडलेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनी पावसाचं पाणी वर्षभर पुरवलं, आणि आपल्याला एक बाटली तेवढी सांभाळावी लागते.

बाटलीबद्दल: लिटरभर पाणी दोघांत, आणि ते तहान लागायच्या आधीपासून घोट घोट. मुंबईच्या हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात साडेसातच्या आत परत वळलेलं बरं. नेहमी चालणाऱ्यांना पास काढता येतो आणि त्यांना पहाटे आत सोडतात. दर आणि वेळा बदलत असतात, खिडकीवर विचारून घ्या. स्वच्छतागृहाला गेटजवळच जाऊन या, पुढे आडोसा शोधणं हे जंगलात शहाणपणाचं नाही. का, ते पुढे येतं.

बूट कसले? महागडे लागत नाहीत. तळवा वाकतो पण पिळला जात नाही, आणि पुढे अंगठ्याला अर्धा इंच जागा आहे, एवढं बघा. तळाला खाचा झिजलेल्या नकोत. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सँडल घालून चालणारे खूप दिसतात, आणि जूनमध्ये घसरणारेही तेच असतात.

पावसात

पार्क खरा पावसाळ्यात बघावा, आणि पडायचं असेल तर तेव्हाच पडावं. सावलीतल्या कडांना शेवाळ धरतं. ते हिरवं दिसतं तिथे सोपं आहे, काळसर ओलं दिसतं तिथे फसवतं. सागाची मोठी पानं ओल्या डांबरावर चिकटून बसतात, त्यांच्यावर पाय टाकू नका. पुलावरच्या आणि पट्टे रंगवलेल्या जागी पाऊल सपाट टाका. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण छत्रीने मागचं-पुढचं दोन्ही झाकलं जातं आणि एक हात अडकतो.

दहिसर नदी याच जंगलात, तुळशी तलावाच्या बाजूला उगम पावते आणि पार्कातून वाहत पुढे खाडीला मिळते. वर्षातले सात-आठ महिने ती इतकी शांत असते की लोकांना नाला वाटतो. जुलैत मात्र पाण्यात पाय बुडवायला उतरू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडून गेलेला असतो, पाणी त्यानंतर येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मी प्रवाशांसकट बसमध्येच होतो. संध्याकाळी चाकाच्या निम्म्यावर असलेलं पाणी पायरीवर आलं तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं, वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तेव्हापासून मी वाहत्या पाण्याशी गंमत करत नाही.

पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडांमध्ये मोठमोठी कोळ्यांची जाळी लागतात, नातीला तीच सगळ्यात जास्त आवडतात. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस, मे महिन्यात बहावा. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली इथे फुलली तेव्हा मी स्टेअरिंगवर होतो, प्रवाशांच्या तोंडून ऐकण्यावरच भागवलं.

माकडं आणि बिबटे

माकडांपासून सुरुवात करतो, कारण भेटणार तीच. प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज त्यांना बरोबर कळतो. आमचे शेंगदाण्याचे लाडू असेच गेले. हिने पिशवी घट्ट धरली, माकडाने दात दाखवले, हिने किंचाळून पिशवी सोडली, आणि साहेब समोरच्या फांदीवर बसून एकेक लाडू फोडत बसले. हिचं म्हणणं, दोन तरी ठेवायचे होते. तर खाणं पाठीवरच्या बंद पिशवीत, कापडात गुंडाळून. हातात काही नको. माकडाच्या डोळ्यांत रोखून बघू नका, त्याच्याकडे बघून हसूही नका, दात दिसले की त्याला ते आव्हान वाटतं. आणि कृपा करून केळी घालू नका. आज तुम्ही पुण्य कमावता, उद्या तेच माकड कुणाच्या तरी पोराला ओरबाडतं. खायचं असेल तर वाटेवर पाड्यावरच्या बायका बसतात त्यांच्याकडची तिखट-मीठ लावलेली काकडी घ्या, तिथेच उभं राहून खा, आणि सालं-कागद परत घेऊन या.

बिबट्याचं लोक आधी विचारतात. आहेत. २०१८ च्या मोजणीत पार्क आणि भोवतालच्या परिसरात ४७ होते. सात वर्षांत मला एकदाही दिसलेला नाही. त्याने मला किती वेळा पाहिलं असेल, ते त्याला माहीत. दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत, डांबरी रस्त्यावर तो सहसा येत नाही. त्याची वेळ संध्याकाळ उतरल्यावरची आणि पहाटेची. म्हणून अंधुक उजेडात एकटं जायचं नाही, दोघं-तिघं मिळून आणि बोलत बोलत जायचं. हातात टॉर्च. लहान मूल मोठ्यांच्या मध्ये, पुढे पळत नाही. झुडपाशेजारी खाली बसायचं नाही, वाकून उभं असलेलं किंवा बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. दिसलाच तर पळायचं नाही, पाठही फिरवायची नाही. ताठ उभं राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं. उष्टं-खरकटं रस्त्याकडेला टाकू नका. खरकट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. वारली लोक वाघोबाला पूजतात आणि त्याच जंगलात पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्या घरांचे, पोरांचे फोटो न विचारता काढू नका. रस्ता आपण फिरायला वापरतो, त्यांचं तिथे घर आहे.

बोरिवली लांब पडत असेल तर

गोरेगावकरांनी आरे. पण आरेच्या मुख्य रस्त्यावरून गोरेगाव ते मरोळ-पवई अशी रोजची वाहतूक जाते, तिथे मी वर म्हटलं तसं उजव्या कडेने, आणि फिकट रंगाचे कपडे घालून. आतल्या, तबेल्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जरा श्वास मिळतो, शेणाचा वास आला तर नाक मुरडू नका. बिबट्याचे नियम तिथेही तेच. पवईला तलावाच्या कडेने फिरता येतं. तलावाला वळसा घालणारा सायकल ट्रॅक होणार होता, पण मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवलं. तिथे पाण्याच्या अगदी काठाशी उतरू नका, तलावात मगरी आहेत. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलंय, लहान आहे, पण सुरुवात करणाऱ्याला आणि नातवंडांना बरं. सायकली आणि बस अंगावर येण्याची भीती असणाऱ्यांनी आधी तिथे महिनाभर काढावा.

नॅशनल पार्क सोमवारी बंद असतो. सात वर्षांनंतरही महिन्यातून एखाद्या सोमवारी आम्ही बूट घालून गेटपर्यंत जातो, कुलूप बघतो, आणि हायवेच्या पुलाखालून परत येतो. येताना ही बाजारात भाजी घेते, पिशव्या मी धरतो, आणि कुठे थांबायचं, कुठे निघायचं त्याची बेल त्या दिवशी ती देते.